निरोप सांगून निघून जाणारा: ख्रिस्ती श्रद्धेतल्या देवदूतांची पार्श्वभूमी

कॅथलिक परंपरेत दिवसातून तीन वेळा, सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला, एक छोटी प्रार्थना म्हटली जाते. तिच्या लॅटिन सुरुवातीवरून तिला ‘अँजेलस’ म्हणतात. प्रभूच्या दूताने मरियेला निरोप सांगितला, हे तिचं पहिलं वाक्य. रोममध्ये दर रविवारी दुपारी पोप खिडकीत येऊन चौकात जमलेल्या लोकांबरोबर म्हणतात ती हीच प्रार्थना. ही रीत १९५४ मध्ये बारावे पायस यांच्या काळात पडली. दूताच्या उल्लेखाने सुरू होणारी ही प्रार्थना त्या दूताकडे काहीच मागत नाही. पहिल्या ओळीनंतर तो मागे सरतो. पुढे मरियेचं उत्तर येतं, मग शब्द देह झाला ही घोषणा येते, आणि शेवटचं मागणं मागितलं जातं ते देवाकडे.

ख्रिस्ती श्रद्धेत देवदूताची जागा कोणती, हे या चार ओळींत स्पष्ट दिसतं. तो पाठवलेला असतो, निरोप पोचवतो आणि जातो. ही साधी जागा राखण्यासाठी मात्र चर्चला शतकानुशतकं झगडावं लागलं आहे, कारण माणसाचं मन निरोप सोडून निरोप्यावरच लवकर जडतं.

बायबलमध्ये देवदूत पहिल्यांदा भेटतो तो एका दासीला. उत्पत्तीच्या १६व्या अध्यायात हागार ही मिसरी दासी मालकिणीच्या जाचाला कंटाळून, पोटुशी असताना, घर सोडून पळते. शूरच्या वाटेवर, रानातल्या झऱ्यापाशी परमेश्वराचा दूत तिला गाठतो आणि विचारतो, तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस? देवदूताच्या तोंडचं हे बायबलमधलं पहिलं बोलणं. हागार निम्म्याच प्रश्नाचं उत्तर देते: मालकिणीपासून पळून आले. कुठे चालली आहे हे तिला सांगताच येत नाही. दूत तिला परत जायला सांगतो, मुलगा होईल असं सांगतो, त्याचं नाव इश्माएल ठेवायला सांगतो. आणि ती परकी, निराधार बाई देवालाच एक नाव देते: मला पाहणारा देव. पुढे अब्राहाम, मोशे, दानिएल अशा मोठमोठ्यांना दूत भेटले. पण पहिला मान हागारचा आहे, हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

या कथेत एक कोडंही आहे. दूत बोलतो तेव्हा ‘मी तुझी संतती वाढवीन’ असं थेट देवाच्या वतीने, प्रथमपुरुषी बोलतो, आणि हागारलाही आपल्याशी देवच बोलला असं वाटतं. मग तो दूत होता की स्वतः देव? जळत्या झुडपातून मोशेशी बोलणाऱ्याबद्दलही हाच प्रश्न पडतो. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर यांनी म्हटलं की हा ‘परमेश्वराचा दूत’ म्हणजे देहधारण करण्यापूर्वीचा ख्रिस्तच. चारशेच्या आसपास लिहिणाऱ्या ऑगस्टीन यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते तो दूतच, फक्त राजाचा वकील राजाच्या शब्दांत बोलतो तसा तो बोलतो. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ऑगस्टीन यांचं म्हणणं रुजलं. पण दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे: दूताला स्वतःचं असं काही सांगायचं नसतं.

या जुन्या कथांमध्ये दूतांना पंख नाहीत, तेजोवलय नाही, बहुतेकदा ओळखही नाही. मम्रेच्या झाडांखाली भर दुपारी अब्राहाम तंबूच्या दारात बसलेला असताना तीन माणसं समोर उभी राहतात. तो धावत जाऊन पाय धुवायला पाणी आणवतो, साराला पीठ मळायला सांगतो, कोवळं वासरू कापायला देतो, दही-दूध पुढे ठेवतो, आणि ती जेवत असताना स्वतः झाडाखाली उभा राहतो. पाहुण्यांपैकी दोघे पुढे सदोमला जातात तेव्हा कुठे मजकूर त्यांना दूत म्हणतो. अनोळखी पाहुण्याचं स्वागत करता करता काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला, असं इब्रीकरांस पत्रात पुढे लिहिलं गेलं ते यावरूनच. याकोबाला बेथेलच्या स्वप्नात दूत दिसतात ते शिडीवरून चढताना-उतरताना. मानोहा एका दूताला नाव विचारतो, जेवायला थांबायची विनंती करतो. दूत जेवत नाही आणि नावही सांगत नाही. खचून गेलेल्या एलीयाला झुडपाखाली झोपेतून हलवून दूत एवढंच म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुजा असतो.

पंख असलेले आहेत ते वेगळे. यशयाला मंदिरात दिसलेल्या सराफीमांना सहा पंख होते. यहेज्केलाने पाहिलेल्या करूबीमांना चार पंख आणि चार तोंडं होती: माणसाचं, सिंहाचं, बैलाचं, गरुडाचं. कराराच्या कोशाच्या, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीच्या, झाकणावर सोन्याचे दोन करूब पंख पसरून होते. हे सगळे देवाच्या सिंहासनाभोवतीचे, स्तवन करणारे किंवा राखण करणारे. गावोगाव निरोप घेऊन फिरणारे नव्हेत. पुढे चित्रकारांनी दोन्ही प्रकार एकत्र केले.

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं. हद्दपारी आणि त्यानंतर इराणी व ग्रीक सत्तेखालची शतकं या काळात यहुदी धर्मविचारात देवदूतांना नावं मिळाली. देवदूतांची नावं बॅबिलोनहून आली, असं यहुदी परंपरेनेच नोंदवून ठेवलं आहे. दानिएलाच्या ग्रंथात, ज्याचा आजचा आकार बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी १६५ च्या आसपासचा मानतात, गब्रिएल आणि मीखाएल ही नावं पहिल्यांदा येतात. मीखाएल हा लोकांच्या बाजूने उभा राहणारा अधिपती. गब्रिएल हा दृष्टान्ताचा अर्थ समजावून सांगणारा. दानिएल प्रार्थना करत असतानाच, संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळी, गब्रिएल येतो आणि म्हणतो, तुला समज देण्यासाठी आलो आहे.

तोबीतच्या ग्रंथातला रफाएल तर सगळ्यांत माणसाळलेला. तो ओळख लपवून तरुण तोबियाच्या सोबत लांबच्या प्रवासाला निघतो. बरोबर एक कुत्राही असतो. नदीत पकडलेल्या माशाच्या पित्ताने आंधळ्या बापाचे डोळे बरे होतात, तोबियाचं लग्न जमतं, आणि सगळं पार पडल्यावर मजुरी द्यायची वेळ येते तेव्हा तो सांगतो की आपण देवासमोर उभ्या राहणाऱ्या सात दूतांपैकी एक आहोत. आपण जेवताना दिसत होतो, तो केवळ भास होता. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च हा ग्रंथ शास्त्रात धरतात, प्रॉटेस्टंट धरत नाहीत. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्याचे अरामी आणि हिब्रू तुकडे सापडले आहेत. येशूच्या काळापर्यंत देवदूत हा यहुद्यांमध्ये वादाचा विषयही झाला होता. सदूकी म्हणत, देवदूत नाहीतच. परूशी त्यांना मानत. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या चौकशीच्या वेळी याच मुद्द्यावर भर सभेत दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात.

लूकचं शुभवर्तमान या पार्श्वभूमीवर वाचावं. त्याच्या पहिल्याच अध्यायात गब्रिएल दोनदा येतो आणि लूक या दोन भेटी मुद्दाम शेजारी शेजारी मांडतो. पहिली यरुशलेमच्या मंदिरात. जखऱ्या नावाचा वयस्कर याजक, चिठ्ठी त्याच्या नावे निघाली म्हणून, धूप जाळायला आत गेलेला आहे. बाहेर लोक प्रार्थना करत उभे आहेत. धूपवेदीच्या उजव्या बाजूला दूत उभा राहतो आणि सांगतो की तुझ्या बायकोला, अलीशिबेला, मुलगा होईल. जखऱ्या म्हणतो, हे मी कशावरून मानू, मी तर म्हातारा आहे. उत्तर मिळतं, मी देवासमोर उभा राहणारा गब्रिएल आहे, आणि विश्वास ठेवला नाहीस म्हणून हे घडेपर्यंत तुला बोलता येणार नाही. लोक वाट पाहत राहतात. तो बाहेर येतो तो फक्त खुणा करत.

दुसरी भेट अलीशिबेच्या गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात, गालीलातल्या नासरेथ गावी. ना मंदिर, ना धूप, ना याजक. योसेफाला वाग्दत्त झालेली एक मुलगी. दूताचं अभिवादन ऐकून ती घाबरते, हे अभिवादन कसलं याचा विचार करू लागते. मग तीही प्रश्न विचारते: हे कसं होईल? तिला मात्र शिक्षा होत नाही, उलगडून सांगितलं जातं. जखऱ्या पुरावा मागत होता आणि ती वाट विचारत होती, असा फरक जुने भाष्यकार करतात. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की इथे दूताला उत्तराची वाट पाहावी लागते. बाराव्या शतकात क्लेर्व्होचे मठाधिपती बर्नार्ड यांनी आपल्या एका प्रवचनात हाच क्षण लांबवला आहे: दूत थांबला आहे, आदाम थांबला आहे, अब्राहाम आणि दावीद थांबले आहेत, सारं जग गुडघे टेकून थांबलं आहे, बोल, लवकर बोल. मरिया ‘मी प्रभूची दासी’ असं म्हणते, आणि लूक लगेच लिहितो, मग दूत तिच्यापासून निघून गेला. नव्या करारात यानंतर गब्रिएलचं नाव पुन्हा येत नाही.

मत्तयाच्या कथेत दूताला नाव नाही आणि तो योसेफाला भेटतो तो स्वप्नात: मरियेचा स्वीकार कर, ऊठ, मिसरला पळ, आता परत ये. योसेफ एकदाही उलट बोलत नाही. किंबहुना चारही शुभवर्तमानांत त्याचा एक शब्द नाही. बेथलेहेमच्या शिवारात रात्रपाळीने कळप राखणाऱ्या मेंढपाळांना दूत दिसतो, तोही नाव न सांगता. रिकाम्या थडग्यापाशी मत्तय एक दूत सांगतो, जो धोंड लोटून तिच्यावर बसला आहे. मार्क पांढरा झगा घातलेला तरुण सांगतो. लूक लखलखीत वस्त्रांतले दोन पुरुष. योहान दोन दूत. तपशील जुळत नाहीत, पण पहिल्या तिघांत निरोप जुळतो: तो इथे नाही, उठला आहे.

पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना धास्ती होती ती दूतांना नको तेवढं मोठं केलं जाण्याची. इब्रीकरांस पत्राचा सबंध पहिला अध्याय पुत्र देवदूतांपेक्षा श्रेष्ठ कसा, हे पटवण्यात खर्ची पडला आहे. पौल गलतीकरांना बजावतो की स्वर्गातून आलेल्या दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी तो शापित असो. प्रकटीकरणाचा लेखक योहान तर दोनदा दूताच्या पायाशी पडतो, आणि दोन्ही वेळा दूत त्याला आवरतो: असं करू नको, मीही तुझ्यासारखा सेवकच आहे, नमन देवाला कर.

आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझली शहराच्या परिसरात, लायकस नदीच्या खोऱ्यात, कलस्सै आणि लावदिकीया ही दोन शेजारगावं होती. कलस्सैकरांस पत्रात देवदूतांच्या उपासनेविरुद्ध इशारा आहे. तीनशे वर्षांनी, ३६३-६४ च्या सुमारास, त्याच खोऱ्यातल्या लावदिकीयात भरलेल्या धर्मसभेला नियम करावा लागला की ख्रिस्ती लोकांनी चर्च सोडून देवदूतांचा धावा करू नये आणि त्यासाठी वेगळे जमाव भरवू नयेत. पाचव्या शतकात थिओडोरेट हे बिशप या पत्रावर भाष्य करताना लिहितात की हा रोग तिथे फार काळ टिकला आणि आजही तिथे मीखाएलची प्रार्थनास्थळं आहेत. पुढे कलस्सैजवळच्या खोनाय या गावी मीखाएलच्या चमत्काराची कथा प्रसिद्ध झाली: मंदिर बुडवायला वळवलेल्या नद्यांचं पाणी त्याने खडक फोडून जमिनीत जिरवलं. ऑर्थोडॉक्स चर्च ६ सप्टेंबरला तो सण आजही पाळतं. ज्या खोऱ्यात उपासनेवर बंदी आली तिथेच भक्ती फुलली आणि चर्चने तिला अखेर आपलंसं केलं, पण अट घालून: मान द्या, आराधना करू नका. मूर्ती आणि प्रतिमांच्या वादावर निकाल देणाऱ्या ७८७ च्या निकाया सभेनेही हाच भेद केला आणि देवदूतांच्या प्रतिमांना परवानगी दिली.

चित्रांचा इतिहास इथे थोडा सांगायला हवा. रोममधल्या प्रिसिलाच्या भूमिगत दफनभूमीत एका छतावर, बहुतेक अभ्यासक तिसऱ्या शतकातलं मानतात असं, एक चित्र आहे: बसलेली स्त्री आणि तिच्यासमोर हात पुढे करून उभा असलेला पुरुष. तो गब्रिएल मानला जातो, आणि तो चारचौघांसारखा माणूस आहे, पंख नसलेला. चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका संगमरवरी शवपेटीवर पंखधारी दूत दिसू लागतात. ग्रीक-रोमन विजयदेवतेचं रूप कारागिरांच्या हातात होतंच. ४३० च्या दशकात रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चच्या मोझाइकमध्ये गब्रिएल हवेतून उडत येतो. तेव्हापासून पंख गेले नाहीत.

विचारवंतांनी दूतांची रचना लावली. सुमारे ५०० साली सिरियातल्या एका लेखकाने पौलाचा शिष्य दिओनुस्य याचं नाव धारण करून स्वर्गीय श्रेणींवर ग्रंथ लिहिला. सराफीम, करूबीम, सिंहासनं अशी वरपासून उतरत नऊ गणांची मांडणी त्यात आहे. तीन त्रिकांच्या या उतरंडीत महादूत आठव्या पायरीवर आणि साधे दूत नवव्या. म्हणजे माणसांशी बोलायला येतात ते सगळ्यांत खालचे. पोप पहिले ग्रेगरी यांनी ही कल्पना प्रवचनात सोपी केली: लहान निरोप आणतात ते दूत, मोठे निरोप आणतात ते महादूत, म्हणूनच मरियेकडे गब्रिएल आला. गब्रिएलला लूक कुठेही महादूत म्हणत नाही. ती पदवी परंपरेने दिली.

नावांचा मोह मात्र सुटत नव्हता. आठव्या शतकात फ्रँकांच्या राज्यात आल्देबेर्ट नावाचा एक फिरता बिशप लोकांना आपली नखं आणि केस अवशेष म्हणून वाटत असे. स्वर्गातून पडलेलं येशूचं पत्र आपल्यापाशी आहे आणि ते मीखाएलने यरुशलेमात उचललं, असं तो सांगे. जर्मन प्रदेशात धर्मप्रचार करणारे बिशप बोनिफस यांच्या तक्रारीवरून ७४५ मध्ये पोप झकारियस यांच्यापुढे रोममध्ये सभा भरली. तिथे त्याची एक प्रार्थना वाचली गेली, जिच्यात आठ देवदूतांची नावं घेऊन धावा केला होता. सभेने ठरवलं की मीखाएल सोडला तर बाकीची नावं देवदूतांची नाहीतच, भुतांची आहेत. चर्चला मीखाएल, गब्रिएल आणि रफाएल ही तीनच नावं ठाऊक आहेत. युरिएलसारखं जुनं, यहुदी ग्रंथांतलं नावही पश्चिमेत असं वगळलं गेलं. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र हनोखाचा ग्रंथ शास्त्रात ठेवला, त्यामुळे तिथे युरिएल आजही पूज्य आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी देवदूतांवर इतकं बारकाईने लिहिलं की त्यांना ‘देवदूती आचार्य’ हीच पदवी मिळाली. देहच नसल्याने एका जातीत अनेक देवदूत असू शकत नाहीत, प्रत्येक देवदूत ही स्वतःच एक जात, हा त्यांचा निष्कर्ष. टाचणीच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात हा मध्ययुगीन वाद म्हणून नेहमी सांगितला जातो, पण तो त्या काळच्या ग्रंथांत सापडत नाही. ती सतराव्या शतकातली टवाळी आहे.

पंडितांपेक्षा चित्रकारांना निरोपाचं मर्म अधिक कळलं होतं, असं माझं मत आहे. सिएनाच्या कॅथेड्रलसाठी सिमोने मार्तिनी यांनी १३३३ मध्ये केलेल्या चित्रात गब्रिएलच्या तोंडातून निघालेले लॅटिन शब्द सोन्याच्या पार्श्वभूमीवर उठावात, सरळ रेषेत मरियेच्या कानाशी जातात, आणि ती अंग चोरून मागे सरते. गेंटच्या १४३२ च्या वेदीचित्रात व्हॅन आईक यांनी याच्या पुढची गोष्ट केली. तिथे मरियेचं उत्तर उलटं, डोक्यावर उभं लिहिलं आहे. समोर उभ्या असलेल्याला ते वाचायला त्रास होतो, कारण ते वरून पाहणाऱ्या देवाला वाचता यावं म्हणून लिहिलेलं आहे.

दरम्यान गब्रिएलचे शब्द सर्वसामान्यांच्या तोंडी बसले होते. ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचा पहिला भाग म्हणजे गब्रिएलचं अभिवादन आणि त्याला जोडलेलं अलीशिबेचं बोलणं. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन मठांत संध्याकाळच्या घंटेला ही प्रार्थना तीनदा म्हणायची चाल होती. सकाळची घंटा नंतर जोडली गेली. आणि १४५६ मध्ये, बेलग्रेडला उस्मानी सैन्याचा वेढा पडला असताना, पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारीही घंटा वाजवून प्रार्थना करायला सांगितलं. घड्याळ नसलेल्या गावात शेतकऱ्याचा दिवस या तीन घंटांनी मोजला जाऊ लागला. वर्षाचंही तसंच. निरोपाचा सण २५ मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. फ्लॉरेन्समध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आणि इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवं वर्ष त्याच दिवशी सुरू होई. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं त्याचं मूळ या तारखेत आणि पंचांग बदलताना गळलेल्या दिवसांत आहे.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी देवदूत नाकारले नाहीत, त्यांच्याकडे मागणं मागण्याची प्रथा नाकारली. ल्यूथर यांच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचा शेवट ‘तुझा पवित्र दूत माझ्यासोबत असो’ असा आहे. विनंती देवाला आहे, हे लक्षात घ्यायला हवं. काल्व्हिन अधिक कडक होते. दिओनुस्यच्या नावाचा तो ग्रंथ वाचताना हा माणूस स्वर्गातून खाली पडला असून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो आहे असं वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं, आणि शास्त्रात आहे तेवढ्यावर थांबा असं बजावलं.

आपल्या किनाऱ्यावर हा वारसा पोर्तुगिजांबरोबर आला. मीखाएलच्या नावाने हणजुणेला, माहीमला, वसईजवळ माणिकपूरला चर्चं उभी राहिली. मराठीला याचं सर्वांत मोठं देणं आहे ते फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. जन्माने इंग्रज असलेले हे जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये राशोलला त्यांचा सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ छापला गेला. गब्रिएल आणि मरियेची भेट त्यातून मराठी ओवीत आली, जी ओवी इथल्या माणसांच्या कानाला कीर्तन-पुराणांतून ओळखीची होती. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चमधून अँजेलसच्या घंटा दोनशे वर्षं वाजत राहिल्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या घंटा विजयचिन्ह म्हणून देवळांना अर्पण झाल्या; भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या दाखवल्या जातात. वसईतली ख्रिस्ती वस्ती मात्र तिथेच राहिली आणि प्रार्थनाही तिच्या ओठी राहिली.

विसाव्या शतकात प्रश्न निराळाच उभा राहिला. १९४१ मध्ये जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी लिहिलं की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाला नव्या करारातल्या आत्म्यांच्या आणि चमत्कारांच्या जगावर विश्वास ठेवता येत नाही. दहा वर्षांनी, १२ जानेवारी १९५१ रोजी, बाराव्या पायस यांनी रेडिओ, टेलिफोन, तार या सगळ्या दूरसंचाराचा आश्रयदाता म्हणून गब्रिएलची घोषणा केली. याच सुमारास, १९५० मध्ये, प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी आपल्या धर्मसिद्धान्ताच्या एका खंडात देवदूतांवर दीर्घ प्रकरण लिहिलं. देवदूत हे देवाचे निखळ साक्षीदार, ते स्वतःकडे लक्ष वेधूच शकत नाहीत, हा त्यांचा गाभ्याचा विचार. बुल्टमान यांचा आक्षेप सचोटीचा होता, तो झटकून टाकता येत नाही. पण शास्त्रातल्या दूताचं वर्णन बार्थ यांच्या या विचाराशीच जुळतं, असं मला वाटतं.

कॅथलिक पंचांगात गब्रिएलचा वेगळा सण २४ मार्चला १९२१ पासून होता. १९६९ च्या सुधारणेत तो मीखाएल आणि रफाएलसोबत २९ सप्टेंबरला नेला गेला. संरक्षक दूतांचा सण २ ऑक्टोबरला असतो. लोकभक्तीविषयी व्हॅटिकनने २००१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ७४५ च्या सभेचाच सूर पुन्हा ऐकू येतो: गब्रिएल, मीखाएल आणि रफाएल ही शास्त्रातली नावं सोडून देवदूतांना नावं देण्याच्या प्रथेला उत्तेजन देऊ नये. त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक बजावणी आहे. आयुष्यात जे जे घडतं, त्याचं खापर किंवा श्रेय अदृश्य शक्तींच्या झगड्यावर टाकून माणसाने स्वतःची जबाबदारी झटकू नये.